रेग्युलेटर गायब, दोन वायरी बाहेर: पंखा जोडायचा कसा?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जिथे मी भरभर पुढे गेलो तिथे इथे सावकाश लिहिलंय. वायरिंग ही नुसती कानाने ऐकून करायची गोष्ट नाही.)

एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली होती. नवी रूम घेतली, आधीचा भाडेकरू जाताना पंख्याचा रेग्युलेटर काढून घेऊन गेला. आता बोर्डला भोक आहे आणि आतून वायरी डोकावतायत. प्रश्न असा: "दादा, त्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या तर पंखा चालेल ना?"

चालेल. फुल स्पीडवर चालेल. पण "त्या दोन" म्हणजे नेमक्या कोणत्या, यावर सगळं अवलंबून आहे. आजचा भाग त्यावरच.

मी हे आगाऊपणे का सांगतोय? कारण कॉलेजला असताना मी हेच केलं होतं. बोर्ड उघडला, टेस्टर लावला. एक वायर पेटली, ती फेज. दुसरी पेटली नाही. म्हटलं, हीच पंख्याकडे जाणारी. दोघींना पीळ दिला, वरून टेप मारली, मेन चालू करून पंख्याचं बटण दाबलं आणि फाट्! खोलीभर अंधार, बोर्डवर काळा डाग, जळका वास. हात वाचला, कारण तो तेव्हा बटणावर होता, वायरीवर नव्हता. रूम पार्टनर तीन दिवस बोलला नाही. त्याच्या लॅपटॉपचा चार्जर त्याच बोर्डला लावलेला होता.

चूक कुठे झाली हे समजायला पंख्याची वायरिंग आधी बघू. फेज येते बटणाकडे, बटणातून रेग्युलेटरकडे, रेग्युलेटरमधून भिंतीतल्या पाइपने वर पंख्याकडे, आणि पंख्यातून न्यूट्रलला परत. सगळं एका रांगेत, म्हणजे सिरीजमध्ये. रेग्युलेटरला न्यूट्रल लागतच नाही. त्याला दोनच वायरी, एक आत येणारी आणि एक बाहेर जाणारी. तो ५ नंबरवर असतो तेव्हा आतून या दोन वायरी सरळ जोडलेल्या असतात. म्हणून रेग्युलेटर नसताना त्या जोडल्या की पंखा फुल फिरतो. पंख्याला काही इजा होत नाही. कित्येक घरांत पंखे वर्षानुवर्षं असेच "डायरेक्ट" चालतात.

आता टेस्टरकडे या. रेग्युलेटरची जागा मोकळी आहे आणि बटण चालू आहे. बटणाकडून आलेली वायर टेस्टरला पेटते. पंख्याकडे जाणारी पेटत नाही, कारण ती पंख्याच्या वाइंडिंगमधून न्यूट्रलला जोडलेली आहे. आणि बोर्डातला न्यूट्रल? तोही पेटत नाही! शेजारी सॉकेट असेल तर त्याच्यासाठी न्यूट्रल त्याच डब्यात आलेला असतो. म्हणजे न पेटणाऱ्या वायरी दोन प्रकारच्या असतात आणि टेस्टरला त्या सारख्याच दिसतात. मी फेजला न्यूट्रल जोडला होता. मध्ये पंखा नाही, काहीच नाही. सरळ शॉर्ट.

त्या जागी नवा रेग्युलेटर लावला असता तरी तेच झालं असतं. ५ वर ठेवला की शॉर्ट. खालच्या नंबरवर कदाचित काहीच झालं नसतं, पंखा नुसता फिरला नसता. मग आपण म्हणणार "स्पीड वाढवून बघू", आणि फाट्.

मग ओळखायचं कसं? रंगावर जाऊ नका. आपल्याकडे घरात लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवी अर्थिंग ही जुनी रीत आहे, पण पिशवीत जे बंडल उरलंय तेच पाइपात ओढणारे वायरमनही असतात. बटणाकडून रेग्युलेटरला येणारा तुकडा साधारण वीतभरही नसतो. तो बोर्डाच्या आतच पंख्याच्या बटणाच्या स्क्रूला लागलेला दिसतो. पंख्याची वायर एकटीच पाइपात शिरते आणि वर जाते. न्यूट्रल बहुतेकदा घोळक्यात असतो, तीन-चार वायरी एकत्र पिळलेल्या, आणि त्यातली एक सॉकेटच्या मागे गेलेली.

मल्टिमीटर असेल तर आणखी खात्री होते. मेन बंद ठेवून संशयित वायर आणि सॉकेटचा न्यूट्रल यांच्यामध्ये ओहम मोजा. पंख्याची वायर असेल तर वाइंडिंगमुळे काही शे ओहम दिसतील. शून्याजवळ आकडा आला तर तो न्यूट्रल आहे, सोडा त्याला. आकडाच आला नाही तर ती वायर भलतीच आहे किंवा पंख्याचं जोडकाम वर कुठेतरी सुटलंय. जुने वायरमन मीटर वापरत नाहीत. ते दोन वायरींच्या मध्ये शंभर वॅटचा साधा पिवळा बल्ब लावतात. बल्ब फुल पेटला तर न्यूट्रल, मंद पेटला तर पंखा. मला ही युक्ती फार आवडते, पण ती चालू करंटवर होते. तेव्हा ती वायरमनकडेच राहू द्या.

आता मेन बंद करण्याबद्दल, कारण "मेन बंद आहे" हे वाक्य आपल्याकडे बरेचदा खोटं निघतं. पहिलं कारण इन्व्हर्टर. घरात इन्व्हर्टर असेल तर एमसीबी खाली केली तरी पंखे आणि दिवे बॅटरीवर चालूच राहतात. आणि आपण काम करतोय नेमकं पंख्यावर! इन्व्हर्टरचं आउटपुट वेगळं बंद करा. दुसरं कारण घरातली माणसं. वाय-फाय गेलं म्हणून कुणीतरी उठतं आणि एमसीबी वर करतं. जुना किटकॅट फ्यूज असेल तर तो काढून सरळ खिशात ठेवा. एमसीबी असेल तर तिच्यावर चिठ्ठी चिकटवा आणि घरच्यांना ओरडून सांगा. टेस्टर आधी चालू सॉकेटवर पेटतोय का बघा, मग मेन बंद करा, मग त्या वायरींना लावा. बिघडलेला टेस्टरही पेटत नाही, हे विसरतो आपण.

पंख्याचं बटण बंद असतानाही रेग्युलेटरची एखादी वायर पेटत असेल तर अर्थ दोनपैकी एक. एकतर फेज बटणाआधीच रेग्युलेटरला आलीय, किंवा बटण न्यूट्रलवर बसवलंय. दुसरं असेल तर पंखा बंद दिसतो पण वर करंट असतो, आणि पंखा पुसायला स्टुलावर चढलेल्या माणसाला तो कधीही बसू शकतो. इथे थांबा आणि वायरमनला बोलवा. दोन्ही वायरी पेटत असतील तरीही थांबा, कुठेतरी न्यूट्रल तुटलेला असू शकतो. नियमही साधारण हेच म्हणतात. बिघडलेलं बटण किंवा पंखा बदलणं वेगळं आणि वायरिंगच बदलणं वेगळं. वायरिंगच्या कामाला परवानाधारक माणूस लागतो.

सगळं जागच्या जागी असेल तर उरलेलं काम दहा मिनिटांचं. वायर साधारण एक सेंटिमीटर सोला, तांब्याचे धागे नीट पिळा, रेग्युलेटरच्या दोन स्क्रूंखाली एकेक घट्ट बसवा. कुठली वायर कुठल्या स्क्रूला, याने साध्या रेग्युलेटरमध्ये फरक पडत नाही. हलकेच ओढून बघा, सुटायला नको. रेग्युलेटर लगेच घ्यायचा नसेल तर दोन्ही टोकं कनेक्टरमध्ये घट्ट करून टेप मारा आणि भोकावर कोरी प्लेट बसवा. सेलोटेप नको. ती उन्हाळ्यात सुटते.

दुकानात काय मागायचं? "पंख्याचा स्टेप रेग्युलेटर, कंडेन्सरवाला." त्यात छोटे कंडेन्सर असतात. ते पंख्याला मिळणारा व्होल्टेज कमी करतात, मोटरचा जोर कमी होतो आणि पाती मंदावतात. ना गरम होतो, ना गुणगुणतो. आजोबांच्या घरी भिंतीवर जो मोठा डबा असायचा त्यात रेझिस्टन्स असायचा. पंखा हळू केला की डबा तापायचा, म्हणजे वाचवलेल्या विजेतली बरीचशी त्या डब्यातच जळायची. आणि दिव्याचा डिमर पंख्याला लावू नका, बसला तरी. मोटर घूं घूं करते आणि तापते.

दोन गोष्टी पटकन. नवा रेग्युलेटर ५ वर ठेवूनही पंखा रेंगाळत असेल तर दोष बहुधा पंख्याच्या कंडेन्सरचा आहे, जो वर वाटीत असतो, साधारण अडीच मायक्रोफॅरडचा. आणि पंखा रिमोटवाला बीएलडीसी असेल तर रेग्युलेटर शोधूच नका. त्याचा स्पीड आतलं सर्किट ठरवतं, त्याला सरळ पूर्ण व्होल्टेज लागतो. कदाचित आधीच्या भाडेकरूने तसाच पंखा लावला असेल आणि म्हणून रेग्युलेटर काढला असेल. त्याला शिव्या देण्याआधी पंख्यावरचं लेबल वाचा.

शंका असेल तर बोर्डाचा फोटो पाठवा. मेन आणि इन्व्हर्टर बंद करून काढलेला, टॉर्च लावून.