सागरी शेवाळ आणि रक्तातील चरबी

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरील खर्डीच्या परिसरात समुद्र जेवणात येतो तो बहुधा सुकट, जवळा आणि सुके बोंबील यांच्या रूपाने. तरीही शहापूर-मुरबाडकडील घरांतून सणासुदीला दुधात शिजवले जाणारे चायनाग्रास हे मुळात सागरी शेवाळच होय. जेलिडियम, ग्रॅसिलेरिया यांसारखी लाल शेवाळे उकळून, गाळून व थिजवून त्यांतील ‘अगर’ हा पदार्थ वेगळा काढतात आणि वाळवून विकतात. त्याच्या दोऱ्या थंड पाण्यात नुसत्या फुगतात, उकळत्या पाण्यात विरघळतात आणि पाणी सुमारे ३५ ते ४० अंशांपर्यंत निवले की वडी धरते; ही वडी पुन्हा वितळण्यास मात्र ८५ अंशांच्या आसपास तापमान लागते. मानवी पाचकरसांत अगराचे विघटन करणारे विकर नसल्याने तो जवळजवळ न पचता मोठ्या आतड्यापर्यंत जातो, आणि पोट भरल्याची भावना देऊनही फारसे उष्मांक देत नाही.

रक्तातील कोलेस्टेरॉलवर शेवाळाचा परिणाम कसा होतो, हे समजण्यासाठी पित्ताचा प्रवास पाहणे आवश्यक आहे. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते, ती आतड्यात उतरून आहारातील स्निग्धांश पचवण्यास मदत करतात आणि काम झाल्यावर त्यांतील सुमारे ९५ टक्के भाग शोषला जाऊन यकृताकडे परततो. तपकिरी शेवाळातील अल्जिनेटासारखे विद्राव्य तंतू, म्हणजे पाण्यात मिसळून दाट, चिकट होणारे तंतू, पित्ताम्लांना अडकवून मलावाटे बाहेर नेतात. त्यामुळे यकृताला नवी पित्ताम्ले घडवावी लागतात आणि त्यासाठी लागणारे कोलेस्टेरॉल ते रक्तातील एलडीएल कणांतून, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचून अपाय करणाऱ्या कणांतून, उचलते.

जपानमध्ये अगराला ‘कांतेन’ म्हणतात. तेथे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्थूलता आणि मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था असलेल्या ७६ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या पथ्यासोबत कांतेन देण्यात आले. १२ आठवड्यांनी त्या गटाचे वजन सरासरी २.८ किलो, तर केवळ पथ्य पाळणाऱ्यांचे १.३ किलो घटले, आणि कांतेनच्या गटात एकूण कोलेस्टेरॉलही उतरले. साखर आणि सायीच्या दुधात शिजवलेल्या चायनाग्रासकडून मात्र हीच अपेक्षा ठेवणे चूक ठरेल, कारण तेथे अगर चिमूटभर आणि साखर वाटीभर असते.

तपकिरी शेवाळातील फ्युकोझँथिन या रंगद्रव्याबद्दल विशेष कुतूहल आहे. होक्काइडो विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले की उंदरांच्या पांढऱ्या चरबीत या द्रव्यामुळे यूसीपी-१ हे प्रथिन दिसू लागते, जे चरबीतील ऊर्जा साठवण्याऐवजी उष्णतेच्या रूपाने खर्ची घालते. माणसांवरील पुरावा अजून तोकडा असल्याने वजन घटवण्याचा उपाय म्हणून त्याची जाहिरात करणे घाईचे आहे. भारतात कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने शेवाळाच्या अर्कापासून कोलेस्टेरॉलसाठीचे पूरक उत्पादनही विकसित केले आहे.

शेवाळ सरसकट निर्धोक मानणे योग्य नाही. प्रौढ व्यक्तीला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते, तर कोम्बू या जपानी शेवाळाच्या एका वाळलेल्या ग्रॅममध्येच ते १,००० मायक्रोग्रॅमहून अधिक असू शकते. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या घरात याची भर पडल्यास थायरॉईडचे कार्य बिघडण्याची भीती असते. हिजिकी या जातीत अपायकारक अजैविक आर्सेनिक आढळल्याने ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २००४ मध्ये ती न खाण्याचा सल्ला दिला.

डोंगराळ तालुक्यांतील घरांना यातून घेण्यासारखे आहे ते विद्राव्य तंतूंचे कार्य, आणि ते समुद्रावाचूनही साधते. मेथीदाण्यातील गॅलॅक्टोमॅनन हा तंतू पाण्यात भिजल्यावर तसाच चिकट होतो आणि पित्ताम्लांना अडवतो; कुळीथ व वाल यांतूनही विद्राव्य तंतू मिळतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास वरकस जमिनीवर पिवळ्या फुलांनी भरणाऱ्या खुरासणीच्या तेलात लिनोलेइक आम्लाचे प्रमाण मोठे असते, आणि वनस्पती तुपासारख्या घट्ट चरबीऐवजी असे तेल वापरल्यास एलडीएल कमी होते. मात्र कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅममधून सुमारे ९ किलोकॅलरी मिळत असल्याने ते बेतानेच वापरावे लागते, आणि आधीपासून कोलेस्टेरॉलची गोळी चालू असलेल्या रुग्णाने मेथी किंवा शेवाळाच्या भरवशावर ती परस्पर बंद करू नये.