नावातली तिरकी रेघ

हरिहरेश्वर हे नाव घेताना आपण हरी आणि हर या दोघांनाही एका दमात हाक मारतो, हे सहसा ध्यानी येत नाही. कोणाचा देव मोठा, यावरून वैष्णव आणि शैव यांची एकेकाळी चांगलीच जुंपत असे. श्रीवर्धन तालुक्यातल्या या तीर्थक्षेत्राच्या नावात मात्र दोघे असे सांधले गेले आहेत, की जिभेला सांधा लागतच नाही. गेल्या खेपेला तिथे गेलो असता मला संगणकाच्या जगातला एक वाद आठवला. तोही दोन नावे सांधण्याचाच आहे आणि तीस वर्षांत मिटलेला नाही.

संगणकाचे यंत्र आणि ते वापरणारा माणूस यांच्यातला कारभार जी प्रणाली सांभाळते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. 'लिनक्स' ही त्यातली एक. कोणीही वापरावी, उघडून पाहावी, बदलावी आणि दुसऱ्याला द्यावी, अशी तिची सनद आहे. इंग्रजीत फुकट आणि मुक्त या दोहोंना 'फ्री' हा एकच शब्द असल्याने तिकडे घोटाळा होतो. मराठीत तो व्हायचे कारण नाही. ही प्रणाली मुक्त आहे. फुकट मिळते, हा तिचा दुय्यम गुण.

या मुक्तीची कल्पना रिचर्ड स्टॉलमन यांची. अमेरिकेतल्या एमआयटीत काम करणाऱ्या स्टॉलमन यांनी १९८३ साली संपूर्ण मुक्त प्रणाली उभारण्याचा संकल्प सोडला आणि तिला 'ग्नू' हे नाव दिले. पुढच्या काही वर्षांत कम्पायलर, एडिटर, शेल असे तिचे बहुतेक अवयव तयार झाले. राहिला होता तो गाभा, म्हणजे कर्नल. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस तोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तसा गाभा लिहिला. पुढच्याच वर्षी त्याने त्याला ग्नूचाच परवाना लावला आणि दोघांची सनद एक झाली. मौज अशी, की त्याच्या मनात 'फ्रीक्स' हे नाव होते. पण सर्व्हर सांभाळणाऱ्या आरी लेम्के यांनी परस्पर 'लिनक्स' असे बारसे उरकले. आत्याचा मान त्यांनी घेतला म्हणा ना!

पुढे गाभ्याचे नाव साऱ्या देहाला पडले. स्टॉलमन यांचे म्हणणे, मध्ये तिरकी रेघ देऊन 'ग्नू/लिनक्स' म्हणा. डेबियन या प्रकल्पाने १९९४ साली ते मानले. पुण्यात मुख्यालय असलेल्या आपल्या सी-डॅकने २००७ साली आणलेली 'बॉस' ही प्रणाली डेबियनवरच उभी आहे आणि तिच्या नावापुढेही 'ग्नू/लिनक्स' लागते. विरोधक विचारतात, या प्रणालीत आणखी कितीतरी जणांचे काम आहे. सगळ्यांचीच नावे जोडायची का? शिवाय 'लिनक्स' चटकन तोंडात बसते.

हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. हरिहरेश्वरहून सावित्रीच्या खाडीपलीकडे बाणकोटचा किल्ला आहे. इंग्रजांनी त्याचे नाव 'फोर्ट व्हिक्टोरिया' ठेवले; लोक बाणकोटच म्हणत राहिले. वरून दिलेले नाव कागदावर चढते, जिभेवर चढेलच असे नाही.

तरीही स्टॉलमन यांचा आग्रह नुसत्या मानापानाचा नाही. अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये लिनक्सचा गाभा असतो. ग्नूची प्रणाली नसते. बागमांडल्याच्या जेट्टीवर फेरीबोटीची वाट पाहणाऱ्यांच्या खिशातही तो गाभा आहे. पण त्या फोनची प्रणाली हवी तशी बदलायला जावे, तर पुष्कळदा निर्मात्याने घातलेले कुलूप आडवे येते. गाभा घरोघर पोचला, मुक्ती दारातच थांबली. 'लिनक्स' या एका शब्दात हा फरक बुडून जातो. श्रेय हुकले तर एका माणसाचे नुकसान. हक्क विसरला गेला तर आपले सगळ्यांचे.

यावरची तोड मला हरिहरेश्वरच्या रिवाजात दिसते. काळभैरवाचे नाव गावाच्या नावात नाही. तरी भाविक आधी काळभैरवाला हात जोडतात, मग हरिहरेश्वराला आणि मग पुन्हा काळभैरवाला. नावात जागा नसलेल्याचा मान वागण्यातून राखला जातो. आपणही बोलताना खुशाल 'लिनक्स' म्हणावे. पण मुलांना ही प्रणाली शिकवताना पहिल्याच तासाला ग्नूची आणि त्यामागच्या चार स्वातंत्र्यांची ओळख करून द्यावी: वापरण्याचे, अभ्यासून बदलण्याचे, वाटण्याचे आणि बदललेले वाटण्याचे. एवढे झाले, तर फळ्यावर ती तिरकी रेघ काढली काय किंवा राहिली काय!