हाताने उतरवलेलं युनिक्स

प्रोग्रामर मंडळी कोडच्या मध्येमध्ये जी टिपणं लिहून ठेवतात, ती वाचायची मला फार वर्षांची ओढ आहे. कंपायलर ती वाचत नाही, ओलांडून पुढे जातो. ती माणसाने माणसासाठी लिहिलेली असतात आणि छापून येण्याचा विचार नसल्यामुळे त्यांत पुष्कळदा खरं बोललेलं असतं. 'एसबीसीएल' या कॉमन लिस्प कंपायलरच्या कोडमध्ये अशी दोन टिपणं आहेत. या लेखाचं निमित्त तीच.

पहिलं टिपण 'युनिक्स डॉट लिस्प' या फाइलच्या माथ्यावर आहे. लिहिणारा आधी फाइलचं मूळ सांगतो: ही 'सीएमयू कॉमन लिस्प'मधल्या त्याच नावाच्या फाइलवरून, मधल्या एका लिनक्स आवृत्तीच्या वाटेने आलेली. त्या जुन्या फाइलींना वापरणाऱ्याच्या हाती अख्खं युनिक्स द्यायचं होतं, हिला मात्र लिस्पच्या स्वतःच्या गरजेपुरतंच हवं आहे. मग तो मुद्द्यावर येतो. जुना कोड म्हणजे युनिक्सच्या हेडर फाइली समोर ठेवून हाताने लिस्पमध्ये उतरवलेली नक्कल होती. अशी नक्कल सांभाळणं अशक्य होईल, असा अंदाज कुणीही आधीच बांधला असता आणि प्रत्यक्षातही तेच झालं. तेव्हा हे काम आपल्याला अजिबात, अजिबात करायचं नाही. 'अजिबात' मूळ इंग्रजीतही दोनदाच आहे.

हाताने उतरवण्यात एवढं वाईट काय? लिनक्सवर फाइल उघडताना 'नसेल तर नवी तयार कर' असं सांगणारा आकडा ६४ आहे. मॅकवर तो ५१२. मॅकवर ६४ द्याल तर कर्नल तक्रार करणार नाही, कारण तिथे ६४ ला दुसराच अर्थ आहे. फाइल मात्र तयार होणार नाही. सिग्नल क्रमांक १० लिनक्सवर प्रोग्रामरच्या मर्जीसाठी मोकळा ठेवलेला आहे, मॅकवर तोच मेमरीतल्या गंभीर बिघाडाची वर्दी देतो. 'आत्ता जमत नाही, पुन्हा विचार' या उत्तराचा क्रमांक इंटेलवरच्या लिनक्समध्ये ११, आणि 'दोघे एकमेकांची वाट पाहत अडकाल' याचा ३५. मॅक आणि फ्रीबीएसडीवर हेच दोन आकडे नेमके अदलाबदल झालेले. डेकच्या अल्फा प्रोसेसरवरचं लिनक्स घेतलं, तर तिथेही ते उलटेच! म्हणजे लिनक्स सगळीकडे एकच, असाही दिलासा नाही.

सी भाषेत लिहिणाऱ्याला याची झळ बसत नाही. तो आकड्याऐवजी नाव लिहितो, आणि त्या त्या मशीनवरच्या हेडर फाइली नावाच्या जागी योग्य आकडा घालतात. लिस्पचा कंपायलर स्वतःच मशीन कोड तयार करतो. त्याला सीची हेडर फाइल वाचता येत नाही. म्हणून कुणीतरी ती वाचून आकडे लिस्पमध्ये लिहून ठेवायचे, आणि प्रत्येक नव्या युनिक्सबरोबर 'हे लिनक्ससाठी, हे बीएसडीसाठी, हे सनसाठी' अशा अटी वाढवत न्यायच्या. पुढे सीच्या ग्रंथालयाची नवी आवृत्ती आली, की ते सगळं मुकाट्याने चुकीचं ठरतं.

सीएमयू लिस्पचा इतिहास थोडक्यात आटोपतो. कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८० च्या दशकाच्या आरंभी स्कॉट फालमन यांच्या गटाने पर्क नावाच्या मशीनवर 'स्पाइस लिस्प' उभं केलं. पुढे ते माख कर्नलवर आणि तिथून निरनिराळ्या युनिक्सवर गेलं. रॉब मॅकलाखलन यांनी त्यासाठी लिहिलेला कंपायलर आजही थक्क करतो. १९९४ च्या सुमारास सरकारी पैसा संपला, विद्यापीठातला गट पांगला आणि कोड स्वयंसेवकांच्या हाती आला. कोड सार्वजनिक मालकीचा असल्याने कायद्याची अडचण नव्हती. अडचण वेगळीच होती.

सीएमयू लिस्प बांधायला आधी सीएमयू लिस्पच लागायचं. कालच्या दह्याने आजचं दूध विरजावं, तशी चालू लिस्पच्या पोटात नवी आवृत्ती वाढवायची. आतली एखादी मूलभूत रचना बदलायची, तर चालत्या कंपायलरच्या पायाखालचीच फरशी उपटावी लागे. कोणत्या क्रमाने उपटायची, हे मोजक्या जाणकारांनाच ठाऊक. विल्यम न्यूमन यांनी डिसेंबर १९९९ मध्ये फांदी वेगळी केली ती याच कारणाने. त्यांच्या एसबीसीएलला बांधण्यासाठी कुठलंही बऱ्यापैकी कॉमन लिस्प चालतं. त्यासाठी त्यांनी पुष्कळ काही सोडून दिलं: हेमलॉक एडिटर, मोटिफची खिडक्या-बटणं, आणि वापरणाऱ्याला दिलेलं ते अख्खं युनिक्स.

या कापाकापीवरून दोन तट संभवतात आणि दोन्ही बाजूंना वजन आहे. सीएमयू लिस्पचा वापरणारा म्हणणार, मला सॉकेट हवं, प्रक्रिया सुरू करता यायला हवी, तुम्ही ते काढून कसं घेता? न्यूमन यांची बाजू अशी की जे सांभाळता येत नाही ते देऊ नये. मी न्यूमन यांच्या बाजूचा आहे. अर्धवट बरोबर असलेले आकडे वापरणाऱ्याला दिलेले असले, की त्याच्या प्रोग्राममधली चूक त्याला कधीच सापडत नाही. तो आपलाच कोड उलटापालटा करत बसतो.

बांधणीची त्यांनी जी चौकट घातली, तिच्यात मला खरं सौंदर्य दिसतं. पायऱ्या चार: दोन 'यजमान' मशीनवर, दोन 'लक्ष्य' मशीनवर, आळीपाळीने. पहिल्या पायरीत यजमानावरचं लिस्प आपल्या आतल्या रचनांचे तपशील सीच्या हेडर फाइली म्हणून लिहून देतं, म्हणजे लिस्प सीला सांगतं. दुसऱ्या पायरीत लक्ष्य मशीनवर सीचा छोटा गाभा कंपाइल होतो आणि त्याच वेळी 'ग्रोव्हेल-हेडर्स' नावाचा एक साधा सी प्रोग्राम चालतो. त्याचं काम एकच: त्या मशीनच्या खऱ्या हेडर फाइली वापरून आकडे छापायचे. छापायचे ते लिस्पच्या वाक्यरचनेत, म्हणजे या वेळी सी लिस्पला सांगतं. तिसऱ्या पायरीत यजमान ते आकडे घेऊन लिस्प कंपाइल करतो आणि चौथीत ते लक्ष्य मशीनवर पहिल्यांदा जागं होतं. तयार झालेल्या फाइलच्या माथ्यावर बजावलेलं असतं की ही आपोआप तयार झाली आहे, हाताने बदलू नका. बांधणीच्या स्क्रिप्टमध्येही एक टीप आहे. एरवी हे सगळं एकाच मशीनवर चालतं, पण एखाद्या मशीनवर कॉमन लिस्प अजून नसेल, तर फाइली अशा अशा इकडून तिकडे न्या, असं ती सांगते. त्या 'अजून'पुढे लिहिणाऱ्याने हसरा चेहरा काढला आहे.

इतर लिस्पांनी दुसऱ्या वाटा काढल्या. क्लोझर सीसीएल हेडर फाइलींचा आधीच डेटाबेस करून ठेवतं. ईसीएल मशीन कोडसाठी लिस्पचं भाषांतर सीमध्ये करतं, त्यामुळे त्या कामाला सी कंपायलर जवळ लागतो. त्या वाटा आपापल्या जागी ठीक आहेत. एसबीसीएलमध्ये मला भावतं ते असं, की ज्याला खरं ठाऊक आहे त्यालाच विचारायचं, आणि तेही त्याच्याच घरी जाऊन.

तरी नुसत्या आकड्यांनी भागत नाही. 'स्टॅट' ही हाक घ्या: फाइलचा आकार, मालक, वेळा सांगणारी. तिचं उत्तर एका रचनेत भरून येतं. लिनक्सवर ३२ बिटांच्या इंटेलवर त्या रचनेत आधी परवानग्या आणि मग दुव्यांची संख्या. ६४ बिटांवर आधी संख्या, मग परवानग्या. त्यात भर म्हणजे लिनक्सवरच्या ग्लिबसी या सीच्या ग्रंथालयामध्ये 'स्टॅट' या नावाचं फंक्शन बाहेरून जोडण्यासारखं नव्हतंच. हेडर फाइल ते नाव गुपचूप दुसऱ्या फंक्शनकडे वळवायची आणि सोबत आवृत्तीचा एक क्रमांक जोडायची. २०२१ मध्ये आलेल्या २.३३ आवृत्तीत ते खरं फंक्शन म्हणून मिळू लागलं. तोवर नाव शोधत जाणाऱ्या लिस्पला तिथे काहीच सापडायचं नाही.

यावर उपाय म्हणजे सीच्या गाभ्यातली 'रॅप डॉट सी' ही फाइल. तिच्यात लिस्पच्या सोयीची, प्रोसेसर किंवा ऑपरेटिंग सिस्टीम कुठलीही असो, न बदलणारी अशी स्टॅटच्या उत्तराची एक रचना आहे. सी खऱ्या रचनेतून एकेक मूल्य काढून हिच्यात भरतं, लिस्प फक्त हिला ओळखतं. आणि माझं दुसरं टिपण इथेच आहे. खाली न्यूमन यांची आद्याक्षरं, तारीख १० मे २००१.

रचनेतल्या प्रत्येक नावाआधी 'रॅप्ड' अशी लांबलचक पाटी का लावली, याचा तिथे खुलासा आहे. मूळ नाव 'एसटी-एटाइम', म्हणजे फाइल शेवटची कधी वाचली गेली ती वेळ. ओपनबीएसडीच्या हेडर फाइलीत असा हुकूम आहे की हे नाव जिथे जिथे दिसेल, तिथे ते पुसून दुसरं, दोन तुकड्यांचं नाव घालावं. हुकूम सरसकट, मग ते नाव दुसऱ्या कुणाच्या रचनेतलं का असेना. न्यूमन यांनी आपल्या रचनेत साधं 'एसटी-एटाइम' लिहिलं असतं, तर कंपायलरपर्यंत पोहोचण्याआधीच त्याचा चेंदामेंदा झाला असता. ओपनबीएसडीवाल्यांना ते सरळ राक्षस म्हणतात. पुढे लिहितात की आपण तरुण आणि निष्पाप असताना, साध्या लहान अक्षरांतल्या नावांवर असा सरसकट हुकूम चालवू नये, नाहीतर असंच होतं, हे पुस्तकात वाचून शहाण्यासारखी मान डोलावली होती. आता खरं कळलं. सीच्या हेडर फाइलींविरुद्ध डॅन बार्लो यांचं जे क्रमशः व्याख्यान चालू आहे, त्यात हा आणखी एक भाग, असं म्हणून ते थांबतात.

हे वाचताना मला न्यूमन यांचा राग पटतो, राक्षस हा शब्द मात्र पटत नाही. फाइलच्या वेळा पूर्वी सेकंदांत मोजत. पुढे नॅनोसेकंदही हवे झाले, म्हणून रचनेत दोन तुकड्यांची वेळ आली. जुने हजारो प्रोग्राम मात्र जुनंच नाव वापरत होते. ते एका अक्षराचाही बदल न करता कंपाइल व्हावेत, म्हणून तो हुकूम. ओपनबीएसडीवाले त्यांच्या जुन्या वापरणाऱ्यांना दिलेला शब्द पाळत होते आणि न्यूमन आपल्या नव्या वापरणाऱ्यांना. टक्कर झाली ती एका नावावर, आणि वाट न्यूमन यांनी सोडली, प्रत्येक नावाला पाटी लावून. परक्या सिस्टीमशी जुळवून घेणं म्हणतात ते बहुतेक वेळा असंच असतं.

टिपणात ज्यांचं नाव आलं त्या डॅन बार्लो यांनी त्याच सुमारास एसबीसीएल अल्फावर नेलं, म्हणजे त्या उलट्या आकड्यांच्या लिनक्सवर. सॉकेट आणि पॉझिक्सची मॉड्यूलंही त्यांच्याच हातची. न्यूमन यांनी गाभ्यातून काढून टाकलेलं युनिक्स वापरणाऱ्याकडे परत आलं ते या वाटेने. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की या वेळी ते हाताने उतरवलेलं नव्हतं. हव्या असलेल्या नावांची यादी द्यायची, मॉड्यूल त्यावरून सी प्रोग्राम तयार करतं, तो त्या मशीनवर चालवतं आणि आकडे घेऊन येतं. म्हणून म्हटलं, दोन्ही बाजूंना वजन होतं.

मेमरीच्या बाबतीत प्रकरण आणखी खोल जातं. एसबीसीएलचा कचरा गोळा करणारा भाग जुन्या वस्तूंच्या पानांना कर्नलकडून कुलूप लावून घेत असे. कुणी तिथे लिहायला गेलं की कर्नल सिग्नल पाठवतो, लिस्प तो झेलतं, 'या पानात बदल झाला' अशी नोंद करतं, कुलूप काढतं आणि लिहिणाऱ्याला पुढे जाऊ देतं. पण सिग्नल कोणता? लिनक्सवर एक, मॅकवर दुसरा. फ्रीबीएसडीने तर सातव्या आवृत्तीच्या वेळी आपला बदललाच. सिग्नल झेलल्यावर त्या क्षणी प्रोसेसरच्या रजिस्टरांत काय होतं ते पाहावं लागतं, आणि ती माहिती कुठे ठेवलेली असते, हे प्रोसेसर आणि सिस्टीम या दोघांवर ठरतं. म्हणून गाभ्यात लिनक्सची एक फाइल, इंटेलची एक, आणि शिवाय इंटेलवरच्या लिनक्सची तिसरी. तिसरीत बहुधा थोड्याच ओळी असतात, आणि त्या दुसऱ्या कुठेही बसत नाहीत.

२००५ मध्ये लिनक्स कर्नलने सुरक्षेसाठी प्रोग्रामच्या मेमरीतल्या जागा दर वेळी बदलायला सुरुवात केली. लिस्पच्या मेमरीची साठवलेली प्रत ठरावीक पत्त्यावरच उघडायची असल्याने पंचाईत झाली. एसबीसीएलने काढलेला मार्ग असा: सुरू झाल्याझाल्या कर्नलला 'माझ्यापुरत्या जागा हलवू नकोस' असं सांगायचं, आपण पुन्हा सुरू होत आहोत अशी एक खूण ठेवायची आणि स्वतःच स्वतःला नव्याने चालवायचं. पुढे ती प्रतच हलवता येऊ लागली, तेव्हा ही कसरत सुटली.

विंडोजवर यातलं काहीच नाही. सिग्नल नाहीत, त्यांच्या जागी अपवादांची निराळीच यंत्रणा. प्रक्रियेची जुळी प्रत काढणारी युनिक्सची हाक नाही. पानांना कुलूप लावायचं फंक्शनही वेगळं. एसबीसीएल तिथे पोहोचलं तेव्हा कित्येक वर्षं सुरू होताना इशारा द्यायचं की हे प्रायोगिक आहे, स्वतःच्या जबाबदारीवर वापरा, आणि खाली मृत्यूचं मांजराचं पिल्लू तुमची वाट पाहत आहे असंही लिहिलेलं असे. मला तो इशारा योग्य वाटतो. जिथे आकडे विचारून आणता येतात, पण वागणूक विचारून आणता येत नाही, तिथे बांधणाऱ्याने एवढं सांगायलाच हवं. थ्रेड तिथे बऱ्याच उशिरा आले, आणि पॉझिक्सच्या मॉड्यूलमधल्या बऱ्याच हाका विंडोजवर आजही उपलब्ध नाहीत.