दत्तक मूल आणि ‘रक्त कुणाचं?’ हा प्रश्न

पोलादपूर तालुक्यातील एका बौद्धवाडीतल्या जोडप्याने पाच वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) घरी येऊन आठ महिने झाले तरी तो भाकरीचे तुकडे उशीखाली लपवायचा. अनोळखी पाहुण्याच्या मांडीवर लगेच जाऊन बसायचा, पण आईने जवळ घेतले की चावायचा. बोलणे तुटक होते. शाळेतून ‘काही दिवस घरीच ठेवा’ असा निरोप आला. शेवटी आजी बोलून गेली, “रक्त कुणाचं, कोणास ठाऊक!” मूल परत देता येते का, हे विचारायला ते दोघे आमच्याकडे आले.

आजीचा राग आम्हाला आला नाही. तिने ऐकलेलेच ती बोलली. पण हेच वाक्य भीमजयंतीला भाषण करणाऱ्या, पदवीधर तरुणांच्या तोंडूनही आम्ही ऐकतो, तेव्हा आठवण करून द्यावी लागते. हीन कुळात जन्मलेला माणूस आईबापाचाच स्वभाव घेतो, तो त्याला लपवता येत नाही, अशा अर्थाचे वचन मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे. तोच ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी आपल्या महाडात जाळला गेला. ग्रंथ जाळला, पण वचन घराघरांत राहिले.

मग मूल असे का वागते? जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत बाळ रडले की तेच ते माणूस धावून येते, आणि त्यातून बाळाला जगाचा भरवसा वाटू लागतो. ज्याच्याकडे कोणी धावून आलेच नाही, किंवा दर पाळीला वेगळी बाई आली, ते मूल सतत सावध राहते. भाकरी लपवणे ही चोरी नव्हे, उद्या मिळेल याची खात्री नसणे आहे. चावणे म्हणजे बऱ्याचदा भीती. हा माणूसही जाणार असेल तर आत्ताच जाऊ दे, अशी ती परीक्षा असते.

याचा मोठा पुरावा रुमानियातून आला. तिथली हुकूमशाही डिसेंबर १९८९ मध्ये कोसळली आणि अनाथालयांत कोंडलेली हजारो मुले जगाला दिसली. पुढे बुखारेस्टमध्ये १३६ मुलांचा अभ्यास झाला. काही मुले चिठ्ठ्या टाकून कुटुंबांत ठेवली, बाकीची संस्थेतच राहिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी आणि जिव्हाळा दोन्ही सुधारले, आणि साधारण दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना सर्वाधिक फायदा झाला. रक्त तेच होते, घर बदलले होते.

मात्र सगळेच प्रेमाने भरून निघते, असेही नाही. स्वमग्नता, एडीएचडी, बौद्धिक अक्षमता, कमी ऐकू येणे, या गोष्टी पोटच्या मुलातही असतात आणि त्यांना तपासणी व थेरपी लागते. म्हणून आमचा पहिला सल्ला साधा असतो: आधी कान तपासा. ऐकूच येत नसलेल्या मुलाला हट्टी म्हणून मार खाताना आम्ही पाहिले आहे. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणत बसू नका. अडचण अंतराची आहे. जिल्हा रुग्णालय अलिबागला, म्हणजे इथून शंभर किलोमीटरहून जास्त. आठवड्याला थेरपीला जायचे तर एसटीत दिवस जातो आणि मजुरी बुडते. थेरपी तालुक्यात मिळावी, ही मागणी तरुणांनी लावून धरण्यासारखी आहे.

घरात काय करायचे? जेवणाची आणि झोपेची वेळ रोज तीच ठेवा. भाकरी लपवणाऱ्या मुलाला त्याचा स्वतःचा डबा द्या, तो कधी रिकामा होऊ देऊ नका. मारू नका. आणि ‘परत पाठवीन’ हे रागाच्या भरातही बोलू नका, कारण त्याचे सगळे वागणे त्याच एका भीतीभोवती फिरत असते. दत्तक असल्याचे त्याला लहानपणीच, गोष्टीसारखे सांगा. आपल्याकडे गोष्टी आहेतच. सिद्धार्थाला मावशीने, महाप्रजापती गौतमीने वाढवले. बुद्धांचा वैद्य जीवक तर राजगृहात उकिरड्यावर टाकलेले मूल होते, त्याला राजपुत्र अभयाने वाढवले.

कायद्याचेही माहीत हवे. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्याखाली रीतसर घेतलेले दत्तक पालकांना रद्द करता येत नाही. संस्थेतून घेतलेल्या मुलासाठी बाल न्याय कायदा, २०१५ लागतो. दत्तक दिल्यावर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याची भेट होते. त्या भेटीत ‘सगळं छान आहे’ म्हणू नका, अडचण सांगा. शाळेने सहा ते चौदा वयाच्या मुलाला काढणे किंवा मारणे शिक्षण हक्क कायद्यात बसत नाही.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. महाडमधली इमारत ऑगस्ट २०२० मध्ये कोसळली, तळीयेची दरड २२ जुलै २०२१ ला, आणि मध्ये कोविड. अशा संकटांनंतर आत्या-मावशीकडे वाढणाऱ्या मुलांचे कागद बहुधा झालेलेच नसतात. आईबाप नसताना पालकाने मूल दत्तक द्यायचे तर न्यायालयाची परवानगी लागते. दत्तक घ्यायचे नसेल तरी बाल संगोपन योजनेसाठी बाल कल्याण समितीकडे अर्ज करता येतो.

त्या जोडप्याचा मुलगा अजून घरी आहे. कानात मळ साचला होता, तो काढला. बोलण्याची थेरपी सुरू आहे. चावणे कमी झाले, बंद झालेले नाही. डबा अजून उशाशी असतो, आणि हल्ली तो आजी भरते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. वाडीतल्या तरुणांनी तारीख आशाताईंकडून आधी विचारून ठेवावी. ‘त्रास देतो’ म्हणून नेमके असे मूल त्या दिवशी घरी ठेवले जाते.