पौंडांचें येणें

दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थान ब्रिटनचा धनको झाला, ही गोष्ट प्रथमदर्शनीं मोठी सुखद वाटते. परंतु हें कर्ज वास्तविक दिलें कोणीं, असें विचारलें म्हणजे सुख ओसरूं लागतें.

१९३९ च्या करारान्वयें हिंदुस्थानच्या स्वतःच्या संरक्षणापलीकडील लष्करी खर्च ब्रिटननें सोसावयाचा होता. मात्र ती रक्कम जमा होई लंडनमध्यें, पौंडांत. त्या पौंडांच्या आधारावर रिझर्व्ह बँक येथें नोटा काढी, आणि त्या नोटा देऊन सरकार धान्य, कापड, तंबू खरेदी करी. माल छावण्यांत गेला. नोटा तेवढ्या बाजारांत उरल्या. १९३९ मध्यें दोनशें कोटींच्या आंत असलेलें नोटांचें चलन १९४५ पर्यंत अकराशें कोटींवर गेलें. तेव्हां खरा धनको तो ठराविक पगारांत महागाई सोसणारा कारकून आणि १९४३ सालीं बंगालमध्यें तांदळास मुकलेला मजूर!

महागाईचें मूळ टंचाईंत आणि साठेबाजींत आहे, असा सरकारी पक्षाचा रोख असे. मुंबईचे प्रा. सी. एन. वकील यांनीं १९४३ मध्यें चलनवाढीवरच बोट ठेविलें. तिकडे चर्चिल यांचें म्हणणें निराळेंच : हिंदुस्थानचें रक्षण ब्रिटननें केलें, म्हणून उलट मागणी ब्रिटनचीच! रक्षण कोणाच्या निर्णयानें युद्धांत ओढलेल्या देशाचें, हा मुद्दा त्यांत गळाला.

१९४४ मध्यें ब्रेटन वुड्स येथें ए. डी. श्रॉफ, चिंतामणराव देशमुख प्रभृति प्रतिनिधींनीं हा प्रश्न मांडला. नाणेनिधीच्या कक्षेंत तो घेण्यास नकार मिळाला. केन्स यांनीं सन्मानपूर्वक फेडीचें आश्वासन दिलें. ऑगस्ट १९४७ च्या तात्पुरत्या करारानें सुमारें ११६ कोटी पौंडांपैकीं अल्पसाच भाग तत्काळ मोकळा झाला.