एका दाताचा हिशेब

आलापल्लीहून भामरागडकडे बाइकवर कधी गेलात? दोन्हीकडे जंगल, मोबाइलला रेंज मिळाली तर मिळाली, आणि पावसाळ्यात पर्लकोटा पुलावरून वाहू लागली की रस्ताच बंद. इथे बाइक स्टाइल मारायला नसते. शाळेवर निघालेले सर, तेंदूच्या फळीवर जाणारे लोक, हेमलकशाच्या दवाखान्यात न्यायचा पेशंट, सगळा भार तिच्यावर. चंद्रपूर-मूल रस्त्यावर अंधार पडताना ती बंद पडली तर? वाघाचा इलाका आहे ना भाऊ!

म्हणून बोअर-पिस्टनसाठी इंजिन खोललं, की टायमिंग चेनवर नजर ठेवा. मागचं चाक फिरवणारी नव्हे, इंजिनच्या पोटातली. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते, म्हणून वरच्या स्प्रॉकेटला खालच्याच्या दुप्पट दात. समजा खाली १४, वर २८. चेन एक दात जरी चुकून बसली, तरी कॅम जवळपास १३ अंश सरकतो. क्रँकच्या मापात २६. म्हणजे व्हॉल्व्ह भलत्याच वेळी उघडणार.

आणि वैताग असा, की गाडी बरेचदा सुरू होते! पण पिकअप नाही, चढावर दम तोडते, तापते. शिव्या मात्र बिचाऱ्या कार्बोरेटरला. चेन जास्त दात चुकली, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकूही शकतो. (आजोबांची जुनी राजदूत असेल तर निवांत राहा. टू-स्ट्रोक, तिला व्हॉल्व्हच नाहीत.)

खरं काम हेड काढण्याआधीचं. गाडी पुढे जाताना मॅग्नेट ज्या दिशेने फिरतो तसाच तो हाताने फिरवा आणि त्यावरची 'टी' खूण केसिंगच्या खुणेसमोर आणा. शेजारची 'एफ' स्पार्कची असते, तिच्या नादी लागू नका. दोन्ही रॉकर ढिले हवेत. नसतील तर अजून एक फेरी. आता कॅम स्प्रॉकेटची खूण हेडवरच्या खुणेशी जुळते का बघा आणि सरळ फोटो काढून ठेवा. हेड निघालं की चेन तारेने बांधा, नाहीतर ती खाली पडेल आणि क्रँक फिरवताना अडकेल.

बसवताना त्याच खुणा जुळवायच्या. चेनीचा ढिलेपणा टेन्शनरच्या बाजूलाच राहू द्या. टेन्शनर लागला की खुणा परत बघा, कारण तो चेन ओढतो आणि आधी जुळलेलं बिघडू शकतं. मग क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवा. कुठे अडकला तर जोर लावू नका, परत खोला. खुणा पुन्हा जुळल्या तरच किक.

काम गॅरेजमध्ये देताय? मग कव्हर लागायच्या आधी तिथे हजर राहा आणि मेकॅनिकदादांना म्हणा, "दादा, खुणा दाखवा ना." दोन मिनिटांचं काम आहे. गाडी आणल्यावरही इंजिनातून खडखड येत असेल, तर आधी ऑइलची पातळी बघा, मग चेन-टेन्शनर तपासून घ्या. जंगलातली फेरी त्यानंतर.