इलाइट चौराह्यावरून धंद्याचं पुढचं वर्ष

दर जानेवारीत बड्या कंपन्या ‘येत्या वर्षातल्या जोखमी’ अशा याद्या काढतात. आलियान्झ या जर्मन विमा कंपनीच्या यादीत 2022 पासून सायबर हल्ला पहिला नंबर सोडायला तयार नाही. या याद्या दावोसच्या बर्फात चांगल्या दिसतात. आपण त्या घेऊन झाशीच्या इलाइट चौराह्यावर उभे राहू आणि ई-रिक्षांच्या कलकलाटात त्यातलं काय टिकतं ते बघू.

आधी जागा. श्रीनगर–कन्याकुमारी आणि पोरबंदर–सिलचर हे देशाचे उभे-आडवे महामार्ग झाशीत एकमेकांना छेदतात. ‘भारताचा मध्य आमच्याकडेच’ म्हणणाऱ्या नागपूरकरांनी रागावू नये, पण ट्रकवाल्यांचा नकाशा वेगळा असतो.

वारस कोण? कौटुंबिक धंद्याला नडणारी ही जोखीम शिकायला झाशीइतकी जळजळीत शाळा नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोट गावचे नेवाळकर इथे राज्य करत होते. त्यांच्यातले राजे गंगाधरराव यांनी दत्तकविधान केलं 20 नोव्हेंबर 1853 ला आणि ते गेले 21 नोव्हेंबरला. कागद तयार, साक्षीला इंग्रज अधिकारी हजर, तरी कंपनी सरकारने दत्तक नामंजूर करून 1854 मध्ये झाशी खालसा केली. राणी लक्ष्मीबाईंना वर्षाला 60,000 रुपये तनखा देऊ केला आणि नवऱ्याचं कर्ज त्यातूनच फेडायला सांगितलं!

त्याआधीचा किस्साही आजच्या दिवाळखोरी कायद्याला शोभेल असा. 1838 मध्ये गंगाधरराव गादीचे वारस ठरले, पण संस्थान कर्जात बुडालेलं. त्यामुळे इंग्रजांनी कारभार स्वतःकडे ठेवला आणि घडी बसल्यावर काही वर्षांनी अधिकार परत दिले. आज हे काम न्यायाधिकरणाने नेमलेला व्यावसायिक करतो, एवढाच फरक.

ज्यांना वारसाचा विषय घरात काढायला अजून धीर होत नाही, त्यांनी निदान बँकेपासून सुरुवात करावी. 1 नोव्हेंबर 2025 पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात, कुणाला किती टक्के तेही लिहून.

वकिलाची फी: एक हत्ती. खालसा करण्याच्या हुकुमाविरुद्ध राणीने ज्याला बोलावलं तो जॉन लँग हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला वकील आणि पत्रकार. आमंत्रण सोनेरी कागदावर, फारसीत. निरोप देताना हत्ती, उंट, अरबी घोडा, शिकारी कुत्री आणि शाली दिल्याचं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. आजच्या सल्लागारांचं बिल पाहता हत्ती परवडला म्हणायचा.

पण लँगच का? तर त्याने 1851 मध्ये आग्र्याला लाला ज्योतिप्रसाद या ठेकेदाराची बाजू लढवून कंपनी सरकारला हरवलं होतं. ज्योतिप्रसादने लढायांमध्ये फौजेला रसद पुरवली. बिलं थकली. त्याने पैसे मागितले, तर कंपनीने त्याच्यावरच फसवणुकीचा खटला भरला.

बिल थकलंय, शेठ! पुरवठादाराच्या या जुन्या दुखण्यावर सरकारने 2023-24 पासून प्राप्तिकराची गोळी दिली. सूक्ष्म किंवा लघुउद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यायचे. उशीर करून वर्षअखेरीस बिल थकलेलंच राहिलं, तर त्या वर्षी खर्चाची वजावट नाही. पैसे देईल त्या वर्षी मिळेल. गोळी कडू निघाली. कापड बाजारात ओरड झाली, कारण काही बड्या गिऱ्हाइकांनी नोंदणीकृत छोट्यांकडून माल घेणंच टाळायला सुरुवात केली. माझ्या मते पुढच्या वर्षातली खरी जोखीम ही उधारीच आहे. सायबर हल्ला होण्याआधी गल्ला तरी भरलेला हवा.

टेडीची झाशी. उत्तर प्रदेशच्या ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत झाशीच्या वाट्याला तलवार नाही, ढाल नाही, तर मऊ खेळणी आली. त्यांना सरकारी कवचही मिळालं: खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के झालं. सोबत 1 जानेवारी 2021 पासून भारतीय मानक ब्युरोचा (बीआयएस) शिक्का सक्तीचा. चिनी अस्वल अडलं हे खरं, पण तपासणीचा आणि कागदपत्रांचा खर्च देशी अस्वलालाही चुकला नाही.

मोबाईल नंबर सांगा. काउंटरवर बिलासाठी नंबर विचारणाऱ्या प्रत्येक दुकानाने हे वाचावं. वैयक्तिक डेटा संरक्षणाचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. मुख्य बंधनं 18 महिन्यांनी लागू होतील आणि दंडाची कमाल मर्यादा आहे 250 कोटी. मिठाईवाल्याला एवढा दंड कुणी करणार नाही. पण गिऱ्हाइकांची वही कुणालाही विकायची सवय मात्र सोडावी लागेल.

एआयबद्दल सगळेच बोलतायत, म्हणून इथे रजा.

गिऱ्हाईक एकच. उत्तर प्रदेशच्या संरक्षण कॉरिडॉरमधल्या सहा ठिकाणांत झाशी आहे. भारत डायनॅमिक्सच्या 400 कोटींच्या प्रकल्पाची पायाभरणी इथे 19 नोव्हेंबर 2021 ला झाली. शिवाय 33 गावांच्या जमिनीवर ‘बीडा’ ही नवी औद्योगिक नगरी 2023 मध्ये मंजूर झाली, नोएडानंतर तब्बल 47 वर्षांनी. सुटे भाग बनवणाऱ्यांना संधी मोठी, पण संरक्षण सामानाचं गिऱ्हाईक मुख्यतः सरकार. ऑर्डर पुढे ढकलली, तर लेथचा हप्ता मागणारी बँक थांबत नाही.

आणि ऊन. मे 2024 च्या अखेरीस झाशीचा पारा 48 अंशांच्या पुढे गेला होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2019 च्या अंदाजानुसार उष्णतेमुळे 2030 मध्ये भारताचे 5.8 टक्के कामाचे तास वाया जातील, म्हणजे 3 कोटी 40 लाख पूर्णवेळ नोकऱ्यांइतके. मजेची गोष्ट अशी की याच झाशीत जानेवारी 2021 मध्ये स्ट्रॉबेरी महोत्सव भरला होता. महाबळेश्वरकरांनी घाबरू नये, भौगोलिक मानांकन 2010 पासून त्यांच्याकडेच आहे. झाशीची स्ट्रॉबेरी थंडीत पिकते आणि थंडीतच खपवावी लागते. मे महिन्यात तिथे तिचा जॅमसुद्धा सावलीतच ठेवावा लागेल.